इराणी गालिच्यातला जादा आकडा

१

पेठकरांच्या बंगल्यातला शंभर वर्षांचा इराणी गालिचा चोरीला गेला, आणि जाताना चोरानं त्याच जागी, त्याच मापाचा, त्याच नक्षीचा दुसरा गालिचा नीट अंथरून ठेवला. इतका सभ्य चोर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी हैबतराव, पौडचा. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पाकीटमार पाहिले, फुकटे पाहिले, पिशवीत कोंबडी लपवून वर माझ्याशीच भांडणारे पाहिले. पण नेलेल्या मालाच्या जागी माल ठेवून जाणारा कोणी भेटला नाही.

ही भानगड मला कळली ती पौडच्या बाजारपेठेत, ताजबी नदाफच्या गादीच्या दुकानात. ताजबी साठी ओलांडलेली बाई. नवरा गेल्यापासून दुकान एकटी चालवते. उशी नुसती दाबून आतला कापूस किती वर्षांचा ते सांगते, आणि बहुतेक वेळा त्या उशीवर झोपणाऱ्याचा स्वभावही सांगते. मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिच्याकडे पेपर वाचायला बसतो, कारण घरी पेपर उघडला की बायको पुढ्यात मेथी आणून टाकते.

दिवाळीच्या तोंडावरचा बुधवार होता. रुपाली ओव्हाळ दुकानात आली ती डोळे पुसतच. ही पोरगी कॉलेजात असताना माझ्या गाडीनं जायची. पाच वर्षं मी तिचा पास तपासला आणि एकदाही मुदत टळलेली सापडली नाही. असा प्रवासी मुळशी तालुक्यात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गेले चार महिने ती भूगावला निषाद पेठकर नावाच्या प्लॉटविक्या साहेबाच्या बंगल्याची देखभाल करत होती. येत्या सोमवारी ती लवळ्याला मुलींच्या वसतिगृहात सहायक अधीक्षक म्हणून रुजू होणार होती.

"साहेब म्हणतात, त्यांचा गालिचा मी बदलला," रुपाली म्हणाली. "खरा नेला आणि नकली ठेवला. आज पाच वाजेपर्यंत परत आणला नाही, तर तक्रार देणार आहेत. काका, वसतिगृहाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. तक्रारीत नाव आलं की दाखला अडकला, आणि दाखला अडकला की नोकरी गेली. दीडशे मुली माझ्या भरवशावर ठेवायच्या आहेत त्यांना. चोरीचा आळ असलेल्या बाईला कोण घेईल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गरिबाच्या लेकरानं शिकून चार पायऱ्या चढाव्यात आणि कोणीतरी वरून शिडी ओढावी, याचा मला फार राग येतो.

"पर तुझंच नाव का घेत्यात?" ताजबीनं गादीला टाके घालता घालता विचारलं.

"समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात दिसतंय ना! रविवारी दुपारी गालिचा गच्चीवर उन्हात टाकला होता. साहेब नाशिकला गेले होते. आणि त्याच दुपारी मी एक लांब गुंडाळी भावाच्या टेम्पोत चढवताना दिसते."

ताजबीची सुई थांबली. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "व्हय. ती गुंडाळी माज्याकडं हाय."

२

मी बाकावरून उठलोच. बत्तीस वर्षांत एवढा धक्का मला फक्त ताम्हिणी घाटात बसला होता.

ताजबीनं मागच्या खोलीतून ती गुंडाळी ओढत आणली. ती रुपालीची बंगल्यावर वापरलेली जुनी गादी होती. वसतिगृहात न्यायची म्हणून तिनं ती पिंजून भरायला टाकली होती. साहेबांना तिनं हे सांगितलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. ताजबीनं तिची उसवलेली शिवण उघडून मला आतला कापूस दाखवला, जणू संशय मलाच आला होता. खरं सांगायचं तर आलाच होता.

"चला कंडक्टर, गाडी काडा," ती म्हणाली. "ह्यो नकली गालिचा मला बगायचाय. वाटंत कातरीला धार बी लावून घिऊ. लई बोथट झालीया." तिनं हातभर लांबीची कात्री फडक्यात गुंडाळून काखेत मारली.

धार लावणारा जेवायला गेला होता, त्यामुळे कात्री तशीच बरोबर आली. भूगावला पोहोचलो तेव्हा रुपाली तिच्या गाडीवरून आमच्या आधी पोहोचून फाटकापाशी उभी होती. आत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. ताजबीनं तिचा हात धरला आणि सरळ दिवाणखान्यात नेली.

निषाद पेठकर पंचेचाळिशीचा, बारीक दाढीचा माणूस. आधी आयटीत होता, मग डोंगरातले प्लॉट विकू लागला, आणि आता कोणी घेत नाही म्हणून स्वतःच ते बघायला जातो. तो खुर्चीत बसला होता. खुर्चीच्या पायाशी गालिचा सुरू होत होता. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. त्याच्या पलीकडच्या टोकावर सागवानी दिवाण ठेवलेला होता. तो इतका जड, की उचलायला चार गडी लागावेत. हातभर गालिचा त्याच्याखाली गेला होता. दार खुर्चीत बसणाऱ्याच्या उजव्या हाताला.

"माझे आजोबा इराणात तेलाच्या कंपनीत होते," निषाद म्हणाला. "तिथल्या एका खेड्यातून त्यांनी हा आणला. म्हणजे हा नाही, खरा. शहरी कारखान्यातला नव्हे, घरात बाईनं बसून विणलेला. मावशी, त्यांच्या मांडीवर बसून मी ही नक्षी मोजायचो. ही खालची ओळ बघा. सात जिओमेट्रिक मोटिफ. प्रत्येकाला सहा आकडे, म्हणजे हुक."

मी वाकून पाहिलं. काडीकाडीच्या आकृत्या होत्या. त्यांना खाली, वर, पुढं असे वाकडे आकडे. मला ते विंचू वाटले, पण मी बोललो नाही.

"कोपऱ्यातल्या आकृतीला मात्र पाचच होते," निषाद पुढं म्हणाला. "एक राहिलेला. मी बसलो की तो नेमका माझ्या डाव्या पायाशी यायचा. आता मोजा. सहा! नक्कल करणाऱ्यानं चूक सुधारून ठेवली. आणि रंग? माझा गालिचा फिका, वाळल्या विटेसारखा होता. हा डाळिंबी आहे. सोमवारी परत आलो, बसलो, आणि बसल्या क्षणी मला कळलं." बोलता बोलता तो त्या कोपऱ्याकडे वाकला. आजोबांवर त्याची माया असावी, एवढं त्याच्या बाजूनं मी मान्य करतो.

"साहेब, तुमी रोज हितंच बसता?" ताजबीनं विचारलं.

"हो, याच खुर्चीत. वायफाय इथंच नीट येतं."

"दुसरीकडं कुटं कदीच न्हाई?"

"मावशी, चोरी गालिच्याची झालीय, खुर्चीची नाही."

ताजबी खाली बसली. तिनं गालिच्यावरून एकदा तळहात फिरवला, मग उलट्या दिशेनं फिरवला. एक कोपरा उचलून मागची बाजू पाहिली. दशा बोटांत धरून ओढल्या. काळ्या रेघांवरून नख फिरवताना ती बराच वेळ थांबली. नंतर उठली आणि साडी झटकत म्हणाली, "रविवारी गालिचा परत कुनी अंथरला?"

रुपाली म्हणाली, "गेणबा मामांनी. मी दुपारीच गेले होते."

मी मनात निकाल लावून टाकला. चोर गेणबा.

३

गेणबा बंगल्याचा माळी. डोक्याला मुंडासं, हातात खुरपं, वय सत्तरच्या आसपास. आम्ही बागेत गेलो तेव्हा तो जास्वंदीला पाणी घालत होता, आणि आम्हाला पाहून त्याच जास्वंदीला परत पाणी घालू लागला. मी ताजबीला कोपरानं ढोसलं. माणूस चुकला की असं एकच काम दोनदा करतो. मी स्वतः दोनदा तिकीट फाडलंय.

"गेणबा," मी दरडावून विचारलं, "गालिचा बदललास का?"

"न्हाई."

"दुसऱ्या कुनी बदलला?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय?" गेणबा म्हणाला. "सायबास्नी म्या सोमवारीच सांगितलंय. पोरीनं काय बी न्हेलं न्हाई. झडती घ्यायची तर माझी घ्या, माज्या झोपडीची घ्या. तिच्या वाटंला जाऊ नगा. त्ये म्हनलं, तू गप ऱ्हा, न्हाई तर तुला बी काडतो. तरी म्या दोनदा सांगितलं."

रुपालीनं त्याच्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"रविवारचं सांगा," ताजबी म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा खूप मऊ होता.

"सांजच्याला शेजारच्या बांधकामावरचं चार गडी आनलं. त्यांनी दिवाण उचलला, म्या गालिचा आतरला, वर दिवाण ठिवला. झालं."

"जसा व्हता तसाच आतरला?"

गेणबानं पाण्याची झारी खाली ठेवली, परत उचलली. "नीट आतरला," तो म्हणाला. ताजबीच्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

"माळीकाम कवापासून करताय?"

"चार वरसं. त्याच्या आदी शेळ्या व्हत्या. चाळीस. मग डोंगरावर प्लॉट पडलं, तारा आल्या. चारायला जागाच ऱ्हायली न्हाई, मग इकल्या."

"शेळी लांबनं वळखू येती का वो तुमास्नी?"

"चालीवरनं वळखू येती," गेणबा म्हणाला. पाणी नसलेली झारी घेऊन तो मागच्या अंगाला निघून गेला.

"ह्योच!" मी म्हणालो. "लपवतोय काहीतरी."

"लपवतोय खरं," ताजबी म्हणाली. "पर गालिचा न्हाई."

मी याचा अर्थ विचारणार तोच फाटकात एक टेम्पो येऊन थांबला. कडक इस्त्रीचा तरुण खाली उतरला आणि आत हाक मारत म्हणाला, "निषाद सर, तो डुप्लिकेट पीस उचलायला आलोय."

४

रुपालीचा चेहरा पांढरा पडला. साधी गोष्ट होती: दिवाणखान्यातला गालिचा एकदा गेला, की तिच्या बाजूनं बोलणारा पुरावाही गेला. मागं राहणार होती फक्त कॅमेऱ्यातली गुंडाळी.

तरुणाचं नाव ओम. मारुंजीला त्याची सजावटीची शोरूम. सोसायट्यांतल्या फ्लॅटवाल्यांना पडदे, गालिचे, भिंतीवरचे बुद्ध वगैरे पुरवतो. निषादनं सोमवारी त्याला बोलावलं होतं, आणि गालिचा नकली असल्याचा दाखला त्यानंच दिला होता.

"काय आहे मॅडम," तो ताजबीला समजावू लागला, "इराणी माल म्हणजे परफेक्शन. आणि हा बघा. इकडे रुंदी सहा फूट, तिकडे दोन इंच कमी. वाकडा! मधे बघा, लाल रंग अचानक बदललाय, पट्टा दिसतोय. फॅक्टरीत रंग चुकला की असं होतं. यंत्रावरचा स्वस्त माल आहे, दोन-तीन वर्षांपूर्वीचा."

"यंत्रावरचा," ताजबी म्हणाली.

"शंभर टक्के."

"मग न्हेताय कशाला?"

"सरांना याच्याकडे बघून त्रास होतो. मी कचऱ्यात टाकून देईन, आणि बदल्यात शोरूममधला नवा कोरा गालिचा देईन. माणुसकी म्हणून."

मला तो मुलगा आवडला. नीटनेटका होता. टेम्पोतून त्यानं पुठ्ठ्याची सात फुटी जाड नळी काढून आणली होती, आणि नवी कोरी पांढरी मलमल. गालिचा मलमलीत गुंडाळून नळीवर घ्यायचा, असं त्यानं टेम्पोवाल्याला बजावलं. "और मोडना मत, भाई! रोल करना, धीरे से!" कचरा टाकायचीसुद्धा काय शिस्त, मी मनात म्हटलं. आमच्याकडे कचरा कठड्यावरून भिरकावतात.

"गेणबा, दिवाण उचलायला माणसं बोलाव," निषाद ओरडला. "आणि रुपाली, मी पाचपर्यंत थांबणार होतो, पण आता तुझ्या या लोकांनी इथं येऊन माझ्याच माणसांची चौकशी सुरू केलीय. मी आत्ताच तक्रार लिहितो."

 रुपाली भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आपण काहीतरी करावं. पण काय करावं ते सुचेना, म्हणून मी खाकरलो.

गेणबानं बांधकामावरचे चार गडी आणले. त्यांनी दिवाण उचलून भिंतीकडे सरकवला. टेम्पोवाला मलमल पसरू लागला. तेव्हा ताजबी पुढं झाली आणि गालिच्याच्या मधोमध मांडी घालून बसली.

"साहेब, टाकायचाच हाय तर मला द्या की," ती म्हणाली. "पौडात चार हाटेलवाल्यास्नी बाकड्यावर टाकाया जाड कापड पायजेल. चार तुकडं करते, उसवू नये म्हनून कडंनं शिवते. गरिबाचं काम हुईल."

"घ्या, न्या," निषाद वैतागून म्हणाला. "मला नजरेसमोर नकोय."

ताजबीनं फडक्यातून हातभर लांबीची कात्री काढली, दोन्ही पाती उघडली, आणि गालिच्याच्या काठावर बरोबर मधोमध धरली.

५

"नको!"

ओरडला तो निषाद नव्हे. ओम होता. तो मलमलीवरून घसरत आला आणि ताजबीच्या मनगटाला लोंबकळला. "अहो मावशी, वेड लागलंय का? शंभर वर्षांचा पीस आहे हा! एकेक गाठ हातानं मारलीय! असा दुसरा पुण्यात मिळायचा नाही!"

 टेम्पोवाला तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"हातानं?" ताजबी म्हणाली. "आत्ताच तर यंत्रावरचा म्हनलात की."

ओम उठून उभा राहिला. त्यानं शर्टाची इस्त्री नीट केली. 

"कातरी भिऊ नगा," ताजबी म्हणाली. "ही लोनी बी कापत न्हाई." मग तिनं निषादकडे वळून पाहिलं. "साहेब, ह्यो तुमचाच गालिचा हाय. गेला न्हाई, बदलला न्हाई. कुनी चोरलेलाच न्हाई. ह्यो पोरगा आता चोरनार व्हता, तुमच्या म्होरनं, तुमच्याच परवानगीनं."

"पण आकडा?" निषाद म्हणाला. "आणि रंग?"

"रंगाचं आदी. हिकडं या. दिवाणाच्या जागी हुबं ऱ्हावा. आता बगा."

निषाद नाइलाजानं तिकडे गेला. वळून पाहिलं, आणि तिथंच थबकला. मीही त्याच्या मागं गेलो. खोटं सांगत नाही, त्या बाजूनं तोच गालिचा विटकरी, फिका, उन्हात वाळल्यासारखा दिसत होता. मी परत खुर्चीकडे आलो तर डाळिंबी. मी चार वेळा या टोकाहून त्या टोकाला गेलो. मग बांधकामावरचे गडीही फेऱ्या मारू लागले. शेवटी टेम्पोवालाही आला.

"गाठी मारताना बाई धागं खालच्या अंगाला वडून कापती," ताजबी सांगू लागली. "म्हनून लव एकाच दिशेला पडती. शेळीच्या पाठीवरनं हात फिरवा, एकीकडनं मऊ, उलटा फिरवला तर केस हुबं ऱ्हात्यात. लवेच्या तोंडाकडनं बगितलं तर रंग गडद, पाठीकडनं बगितलं तर फिका. तुमी जलमभर एकाच खुर्चीत बसला. दुसऱ्या टोकाचा रंग तुमास्नी म्हाईतच न्हाई."

"म्हणजे..."

"म्हंजी कुनीतरी गालिचा फिरवून टाकला. खुर्चीकडचं टोक दिवाणाखाली, दिवाणाखालचं खुर्चीकडं. तुमचा पाच आकड्यांचा हितं असंल." तिनं दिवाणाखालून मोकळ्या झालेल्या टोकाकडे बोट दाखवलं. निषाद गुडघ्यावर बसला आणि कोपऱ्यातली आकृती मोजू लागला, बोट लावून, लहान मुलासारखा. पाच. त्यानं परत मोजलं. पाचच. तो बराच वेळ त्या कोपऱ्यावर हात ठेवून बसून राहिला.

"पण मग बाकीच्या चुका?" मी विचारलं. कोणीतरी विचारायलाच हवं होतं. "वाकडेपणा, लाल पट्टा?"

"चुका न्हाईत त्या, कंडक्टर. खेड्यातली बाई घरी बसून इनती. पोराबाळाचं करून, भाकऱ्या करून मागावर बसती. ताना, म्हंजी उभं धागं, कदी घट, कदी सैल. मग रुंदी कमी-जास्त व्हनारच. एका हंड्यात मावंल तेवडीच लोकर रंगवती. ती संपली की दुसरा हंडा, अन् दुसऱ्या हंड्याचा लाल कदी पयल्यासारका येत न्हाई. म्हनून पट्टा. नमुना कागदावर न्हाई, डोक्यात. म्हनून एकाला आकडा कमी. यंत्राला हे जमत न्हाई. मागनं बगा, म्होरची नक्षी गाठी-गाठीनं मागं दिसती. दशा शिवलेल्या न्हाईत, त्या तान्याचीच टोकं हायेत. सुई लागली असती तर मला दिसली असती. अन् ह्या काळ्या रेघा बोटानं बगा, खोल गेल्यात. लोखंडाच्या गंजाचा काळा रंग लोकर खातो. माज्या सासूच्या लुगड्याचा काळा काठ तसाच गेला. एवडं खायाला लई वरसं लागत्यात. दोन वरसांच्या मालात हे कुटलं?"

"आणि याला हे सगळं ठाऊक होतं," निषाद ओमकडे वळला.

"सोमवारी आल्या आल्या कळलं असंल त्याला," ताजबी म्हणाली. "तुमी म्हनलात बदललाय, त्यानं हूं म्हनलं. बाकीचं काम तुमच्या रागानं केलं. पर कचऱ्याला मलमल कोन आनतं? दुमडू नका म्हनून कोन सांगतं? जुनी वीण दुमडली की तुटती, म्हनून त्यानं नळी आनली. तितंच मला शंका आली. कातरी नुस्ती खात्रीसाठी."

ओमनं मोबाइल कानाला लावला, कोणाचाही फोन न येता "येस सर, आलोच" म्हणाला, आणि बाहेर पडला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. बदल्यात द्यायला टेम्पोतून उतरवून ठेवलेला नवा गालिचा तो व्हरांड्यात विसरून गेला.

"पण फिरवला कोणी?" निषादनं विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. गेणबा मुंडासं हातात घेऊन उभा होता.

६

"म्या फिरवला," तो म्हणाला.

"सोमवारी का नाही सांगितलंस?" निषाद ओरडला.

"तुमी इचारलं, बदलला का? बदलला न्हाई. फिरवला. अन् असलं सांगायचं नसतं. सांगितलं की त्याचा गुन जातो."

"कसला गुण?"

गेणबानं पुढं होऊन एका आकृतीवर बोट ठेवलं. "सायेब, हे तुमी म्हनता तसलं मोटिप का काय न्हाई. ह्या शेळ्या हायेत. हे चार पाय, हे शिंग, हे शेपूट. चाळीस शेळ्यांमागं जलम गेला माझा, मला दिसनार न्हाई व्हय? चार वरसं बगतोय. दोन्ही वळीतल्या समद्या शेळ्या दाराकडं त्वांड करून बाहीर चालल्यात. घरातलं जितराब बाहीर जातंय म्हंजी लक्षुमी जातीया. गौर आली तरी पावलं आत येनारीच काडतात का न्हाई? तुमचा एक प्लॉट इकंना. तुमी रातदिस कपाळाला हात लावून बसता. मला वाईट वाटायचं. रविवारी घरात कुनी नव्हतं, म्हनलं, शेळ्या आत वळवू. कुनाला कळनार बी न्हाई."

मी खाली पाहिलं. चार पाय, एक शिंग, एक शेपूट. सहा आकडे. बत्तीस वर्षं मी माणसं ओळखली म्हणतो, आणि मला शेळीचे विंचू दिसले. आता सगळ्या शेळ्या दाराकडे पाठ करून घरात शिरत होत्या. फक्त कोपऱ्यातल्या एकीला शेपूट नव्हतं. इराणातल्या त्या बाईची लोकर संपली असेल, नाहीतर चुलीवर काहीतरी उतू गेलं असेल.

निषादला हसावं की रडावं ते कळेना. तो रुपालीकडे वळला. "रुपाली, मी... सॉरी. फार मोठी चूक झाली. तक्रार वगैरे काही नाही. सोमवारी तू लवळ्याला रुजू हो. तुला माझी काही मदत लागली तर सांग, काहीही."

रुपालीनं पिशवीतून एक कागद काढला. "रुजू होताना द्यायचा वसतिगृहाचा अर्ज आहे," ती म्हणाली. "शेवटच्या पानावर दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं आणि सह्या लागतात. माझ्या चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या."

"अगं, मग दे ना!" निषादनं खिशातून पेन काढलं. त्याचा चेहरा उजळला. भरपाई इतकी स्वस्तात होईल असं त्याला वाटलं नसावं. दुसरं नाव कोणाचं, हे मला वेगळं सांगायला नको होतं. मी कॉलर नीट केली आणि निवृत्त कर्मचारी ओळखपत्र चाचपलं.

रुपालीनं निषादच्या हातातून पेन घेतलं. "थँक यू, साहेब," ती म्हणाली, आणि कागद ताजबीपुढं धरला. ताजबीनं गादीला टाके घालावेत तशी सावकाश सही केली. मग रुपाली कागद घेऊन दाराशी गेली.

"मामा, दुसरी सही तुमची."

गेणबा दोन पावलं मागं सरला. "माझी? अगं, मला कोन वळकतंय? सायबांची घे, ह्या कंडक्टरची घे. ह्यास्नी तरी पेन्शन हाय."

"तुमचीच पाहिजे."

मला जरा लागलं, हे कबूल करतो. पण पोरीनं माणूस बरोबर निवडला होता, आणि तेवढं कळण्याइतका मी अजून शहाणा आहे. निषाद हात रिकामे घेऊन गालिच्याच्या कडेला उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

गेणबानं हात धोतराला पुसले. खाली बसला. गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर जुळवत सही केली. तोवर बांधकामावरच्या गड्यांनी दिवाण परत जागेवर ठेवायला उचलला होता, आणि तो हातात धरून ते तसेच थांबले होते. एकानंही कुरकुर केली नाही.

"आता हा रकाना," रुपाली म्हणाली. "आपण या व्यक्तीस कसे ओळखता? तुम्ही सांगा, मी लिहिते."

गेणबानं थोडा विचार केला.

"लिव," तो म्हणाला. "हिच्यावर खोटा आळ आला, तवा मी हितंच व्हतो."